उगारे सरांची नऊ पावलं

उगारे सर सदतीस सेकंदांनी हुकले. पोहणं, सायकल आणि पळणं मिळून साडेआठ तासांची मुदत होती. त्यांना साडेआठ तास आणि वर सदतीस सेकंद लागले, आणि निकालाच्या कागदावर त्यांच्या नावापुढं 'अपूर्ण' असं छापून आलं.

हे तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. अजून काहीच झालेलं नाही. नऊ वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आहे, रविवार, सकाळचे साडेसहा, आणि आम्ही दोघं दंडोबाच्या डोंगराकडून खाली येणाऱ्या एका रस्त्यावर खडू घेऊन उभे आहोत.

"वारा?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"नाही म्हणू नकोस. मोज."

मी खिशातून उदबत्ती काढून पेटवली. धूर सरळ वर गेला. सरांनी वहीत लिहिलं, 'वारा शून्य, उदबत्तीने.' मग खाली तारीख घालून मला सही करायला लावली.

धन्यकुमार उगारे सर सांगलीत आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मला त्यांनी नववी-दहावीला शिकवलं होतं, आणि आता मी पंचविशीत, पंपांच्या कारखान्यात डिझाइनला, आणि ते सत्तावन्न वर्षांचे, असे आम्ही एकाच ट्रायथलॉनच्या ग्रुपात होतो. ग्रुपात तीस जण. त्यातले अठ्ठावीस आमच्या पुढं असायचे. ते इतके पुढं असायचे की शर्यत संपवून, जेवून, घरी जाऊन झोपायचे, तेव्हा आम्ही दोघं पळत असायचो.

कृष्णाकाठची शर्यत सरांनी दोनदा केली होती. पहिल्या वर्षी पंधरा मिनिटांनी हुकले. दुसऱ्या वर्षी अडीच मिनिटांनी. मी दोन्ही वर्षी मुदतीत आलो, म्हणजे मुदतीत येणाऱ्यांत शेवटचा. घरी फोन केला की अप्पा दोन्ही वर्षी एकच विचारायचे.

"उगारे सर मागं होते ना?"

"होते."

"मग ठीक."

यंदा तिसरं वर्ष. आणि शेवटचं. सरांचा उजवा गुडघा गेला होता. जानेवारीत तो बदलायचं ठरलं होतं.

"नव्या गुडघ्यानं चालायचं," सर मला म्हणाले होते, "पळायचं नाही. डॉक्टरनं लिहूनच दिलंय. म्हणजे माझ्याकडं एक नोव्हेंबर आहे."

"अडीच मिनिटं तर आहेत सर. निघतील."

"कुठनं निघतील, तेच शोधतोय. पाण्यात निघत नाहीत, मी पोहतो म्हणजे बुडत नाही एवढंच. पळण्यात निघत नाहीत. राहिली सायकल."

आणि नेमकं तेव्हाच आमच्या ग्रुपातल्या, मिरजेच्या डॉक्टर आवटींनी आपली जुनी चाकं विकायला काढली. साठ मिलीमीटर खोल कडांची, कार्बनची, काळीकुळकुळीत. वारा कापतात म्हणे. वेगात गेली की घागरीत तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज करायची. आवटी भूलतज्ज्ञ होते आणि चहाच्या गाड्यावर आम्हाला चाकांचे गुण सांगत होते.

"शर्यतीतल्या नव्वद किलोमीटर सायकलीला दोन-तीन मिनिटं कुठं गेली नाहीत, सर."

"सर, भूल देणारा माणूस विकतोय," मी म्हणालो. "जरा सांभाळून."

"याला गप्प करा," आवटी म्हणाले. "अर्ध्या किमतीत देतोय."

अर्धी किंमत ऐकून सरांनी चहा खाली ठेवला. "एवढ्यात आमच्या प्रयोगशाळेला दोन सूक्ष्मदर्शक येतात," ते म्हणाले. सरांच्या डोक्यात सगळ्याच गोष्टींचे भाव सूक्ष्मदर्शकात असायचे. त्यांच्या मते माझी सायकल पाऊण सूक्ष्मदर्शकाची होती. "पण आवटी, ही चाकं तुमच्या वेगाला लागू होतात. तुम्ही पस्तीसनं जाता. मी सव्वीसनं जातो. सव्वीसच्या वेगाला वारा मला काय अडवणार आणि हे काय कापणार?"

"वापरून बघा की. आठ दिवस ठेवा."

"वापरून काय कळणार? नवीन चप्पल घातली तरी माणूस भराभर चालतो. चाचणी घेऊ."

म्हणून हा उतार आणि हा खडू.

चाचणी सरांनी आठवडाभर बसून आखली होती. उताराच्या माथ्यावर एक दगड, तिथून सायकल सोडायची. पेडल मारायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, उतार संपून सपाटीला सायकल आपली आपण थांबेल तिथं खूण करायची. तीन वेळा सरांच्या जुन्या चाकांवर, तीन वेळा आवटींच्या, म्हणजे आम्हाला नव्या. टायर तेच पाहिजेत, म्हणून मधे टायर काढून नव्या चाकांवर चढवायचे. हवेचा दाब तोच. सरांचं वजन तेच पाहिजे, म्हणून सर पहाटेपासून पाणी प्यायले नव्हते आणि मधे लघवीलाही जाणार नव्हते. बाटल्यासुद्धा काढून ठेवल्या.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," सर म्हणाले. "खुणा मी बघणार नाही. सगळं संपेपर्यंत."

"का सर?"

"कारण मला ती चाकं आवडलीत." ते जरा लाजले. "आवडलीत रे. काळी आहेत, आवाज करतात. मला कळलं की नव्या चाकांनी जरा पुढं जातोय, तर मी नकळत अंग पुढं झोकणार. माणूस स्वतःला लबाडी करू देतो आणि त्याला कळत नाही. म्हणून मी नजर पुढच्या टायरवर ठेवणार. थांबलो की उतरणार, डोळे खाली, सायकल फिरवणार, वर जाणार. खूण तू करायची. तुला कुठल्या चाकाशी घेणं-देणं नाही. तू तटस्थ."

"बरं सर."

"पांढरा खडू जुन्या चाकांना. तांबडा नव्यांना."

तो रस्ता त्यांनी निवडला होता तोही विचार करून. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, सगळे लोखंडी खांब सारखे, सगळ्या वेली सारख्या. कुठं थांबलो ते रस्त्याच्या कडेवरून ओळखू येऊ नये म्हणून. झाड नाही, मैलाचा दगड नाही, पाटी नाही.

सर तीनदा उतरले. मी तीन पांढऱ्या खुणा केल्या. तिन्ही एका पावलाच्या आत आल्या, इतका चांगला तो प्रयोग होता. मग आम्ही रस्त्याच्या कडेला बसून टायर बदलले. नव्या कडांवर टायर काही केल्या चढेना. सरांनी दोन्ही अंगठे सोलून घेतले.

"दोन मिनिटं मिळाली ना, सन्मती," ते टायरशी झटत म्हणाले, "तर अर्धं मिनिट राखीव ठेवून पोचतो. यंदाच्या सरावावरनं हिशेब केलाय मी."

"पोचाल सर."

"तू नको सांगू. खडू सांगेल."

मग ते आणखी तीनदा उतरले. मी आणखी तीन खुणा केल्या. तिसऱ्या खेपेला सायकल फिरवून, मान खाली घालून ते माझ्यापाशी आले आणि त्यांनी डोळे मिटून विचारलं, "झालं?"

"झालं सर. बघा."

त्यांनी डोळे उघडले. तीन पांढऱ्या आणि तीन तांबड्या रेघा. सहाही एका गोधडीखाली झाकल्या असत्या. तांबड्या पुढं होत्या, पण पाव पाऊल.

सर खाली बसले. उकिडवं बसायला त्यांना त्रास व्हायचा, तरी बसले. बोटानं एकेका रेघेवरनं गेले. मला वाटलं खट्टू होतील. झाले असतील. पण उठले तेव्हा चेहरा शाळेतल्यासारखा होता, उत्तर बरोबर आलं की व्हायचा तसा.

"बघ. मन सांगत होतं घे. खडू सांगतो नको. पाव पावलाला दोन सूक्ष्मदर्शक देतं का कुणी?" वहीत लिहून त्यांनी पुन्हा माझी सही घेतली. "मजा आली. निकाल आवडला नाही तरी प्रयोग आवडला पाहिजे."

मग पहिल्यांदा पाणी प्यायले. दोन्ही बाटल्या.

शर्यतीच्या दिवशी मी आठ तास सव्वीस मिनिटं पन्नास सेकंदांत आलो. गळ्यात पदक पडलं, हातात केळं आलं. मी शेवटच्या रेषेपाशी उभा राहिलो. दुपारची वेळ, लोक पांगलेले. रेषेवर हवा भरून फुगवलेली मोठी निळी कमान होती, तिच्या एका पायाशी पंखा घरघरत होता. मुदतीचं घड्याळ त्या कमानीवरच.

सर रस्त्याच्या टोकाला दिसले तेव्हा दीड मिनिट उरलं होतं. ते पळत नव्हते. उजवा पाय ओढत, डाव्यावर उडी मारल्यासारखं करत येत होते. मी ओरडायला हवं होतं. माझ्या तोंडात केळं होतं.

घड्याळात साडेआठ झाले. माइकवाला म्हणाला, "सर्वांचे आभार." कुणीतरी पंखा बंद केला. त्यांचंही बरोबर होतं, मांडववाल्याला चार वाजता दुसरीकडं लग्न होतं.

कमान हळूहळू बसायला लागली. आधी मधे वाकली, मग एका खांद्यानं झुकली. सर त्याच वेगानं येत राहिले. ते पोचले तेव्हा ती त्यांच्या छातीएवढी उंच राहिली होती. ते वाकले आणि खालनं आले. निम्मे आले असतील, तेव्हा ती पूर्ण बसली. सर कमानीच्या आत. निळ्या कापडात एक फुगवटा पुढं सरकत होता. मी आणि तो मांडववाला, आम्ही दोघांनी कड उचलून त्यांना बाहेर काढलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सदतीस सेकंद, सर."

ते रेषेवरच बसले. गुडघ्यावर तळवा ठेवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "चाकांनी मिळाले नसते ना रे?"

"नाही सर," मी म्हणालो.

"हां. तेवढं बरं केलं आपण. नाहीतर जन्मभर वाटत राहिलं असतं."

घरी फोन केला. अप्पांनी विचारलं. मी म्हणालो, होते मागं.

आता त्या उतारावर परत या. टायर बदलून झालेत, सर नव्या चाकांवर माथ्यावरून सुटलेत. घागरीचा आवाज करत आले, मान खाली, नजर टायरवर. पांढऱ्या खुणांपाशी आले. थांबले नाहीत. पुढं गेले. नऊ पावलं पुढं जाऊन थांबले. उतरले, डोळे मिटले, सायकल फिरवली, आणि माझ्या अंगावरनं वर गेले, सांगितल्याप्रमाणे कुठंही न बघता.

मी हातात तांबडा खडू घेऊन उभा होतो. त्या महिन्यात सरावात काय होत होतं ते मला माहीत होतं. आदल्या वर्षी सर माझ्या सहा-सात मिनिटं मागं होते. आता रोज सकाळी माझ्या मागच्या चाकाला टेकून येत होते. ही नऊ पावलं त्यांना दिली असती तर नोव्हेंबरात ते माझ्या पुढं गेले असते. सत्तावन्न वर्षांचा, गुडघा गेलेला माणूस. जगात माझ्या मागं येणारा एकच माणूस होता आणि मला तो मागंच पाहिजे होता. फोनवर अप्पा दोन सेकंद गप्प झालेले मला त्या उतारावर ऐकू आले.

सरांची पाठ वळल्यावर मी नऊ पावलं मागं आलो आणि रेघ मारली. दुसऱ्या खेपेला साडेनऊ पावलं आलो. तिसऱ्या वेळेला सर उतरायला लागायच्या आधीच मी रेघ मारून बसलो होतो.

पुढं मी त्या चाकांबद्दल पुष्कळ वाचलं. नव्वद किलोमीटरला, सरांच्या वेगाला, किती वेळ वाचतो? कुणी दोन मिनिटं म्हणतं, कुणी एक, कुणी म्हणतं वाऱ्यावर आहे. हौशी माणसानं त्यात पैसे घालावेत का, यावर रोज भांडणं चालतात. पण सदतीस सेकंदांहून कमी सांगणारा मला अजून भेटलेला नाही. शोधतोय.

आणि दोन मिनिटं धरली तरी सर माझ्या मागंच आले असते. पावणेदोन मिनिटं मागं. तीसुद्धा मी नंतर मोजली.

सरांनी त्या पैशांचे खरोखरच दोन सूक्ष्मदर्शक घेतले आणि शाळेला दिले. उद्घाटनाला मला बोलावलं. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन महिना झाला होता, काठी घेऊन उभे होते. मुलांना त्यांनी उदबत्तीपासून सगळं सांगितलं. "हे यंत्र एका प्रामाणिक निरीक्षणातून आलंय," ते म्हणाले, "आणि तो निरीक्षक इथं बसलाय." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला फीत कापायला लावली. मग पहिला मान म्हणून भिंगाखाली डोळा लावायला लावला. कांद्याचा पापुद्रा होता. मला काहीच दिसलं नाही, मी म्हणालो छान.

आमच्या जैनांत पर्युषणाचे दहा दिवस संपले की क्षमावाणीचा दिवस येतो. एकमेकांच्या घरी जायचं, हात जोडायचे, वर्षभरात जाणता-अजाणता झालेल्या चुकांची क्षमा मागायची, आणि समोरच्यानं ती द्यायची. काय चुकलं ते कुणी विचारत नाही. सर मला दरवर्षी क्षमा करायचे. मागच्या वर्षी मी ठरवून गेलो.

"उत्तम क्षमा, सर."

"उत्तम क्षमा. बस. चहा टाकते ही."

"सर, मला खरंच क्षमा मागायचीय."

"केली की आत्ता."

"ती सगळ्यांना करता ती. मला एकाच गोष्टीची पाहिजे."

"सुटी मिळत नाही," सर म्हणाले. "घाऊकच आहे."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, नऊ, साडेनऊ, आणि ती आधीच मारलेली रेघ. अप्पांचा फोनही सांगितला. सर ऐकत राहिले. मग उठले, नव्या गुडघ्यावर सावकाश कपाटापर्यंत गेले आणि वही घेऊन आले.

"ही तुझी सही?"

"हो सर."

"इथं काय लिहिलंय?"

"फरक पाव पाऊल."

"आणि आता म्हणतोस नऊ. साक्षीदार कोण?"

"कुणी नाही. तुमचे डोळे मिटलेले होते."

"म्हणजे तेव्हा सांगणारा तू, आता सांगणाराही तू. तेव्हाचं लगेच लिहिलेलं आहे, आताचं आठ वर्षांनी आठवलेलं. कुठलं धरायचं? दहावीत काय शिकवलं?"

"सर, मी खोटं बोललो होतो."

"तू आत्ता खोटं बोलतोयस," ते म्हणाले. रागानं नाही. "मला कळतं रे. ते सदतीस सेकंद मला टोचत असतील असं तुला वाटतं. म्हणून म्हणायचंय, पाय कमी पडले नाहीत, चाकं कमी पडली. चांगला मुलगा आहेस. पण असलं सांगत जाऊ नको. दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून आकडे बदलायची सवय फार वाईट."

"तसं नाहीये, सर."

"माझे पाय कमी पडले, सन्मती." त्यांनी वही मिटली. "ते मी मान्य केलंय. सोपं नव्हतं, दोन वर्षं लागली. ते आता माझं आहे. तू घ्यायचं नाहीस."

आतनं काकूंनी विचारलं, "रडतोय का तो?"

"नाही. क्षमा मागतोय," सर म्हणाले. "साखर कमी घाल त्याच्यात, मुदतीत येतो कसाबसा."

मी चहा घेतला. निघताना त्यांनी मला पुन्हा एकदा हात जोडून क्षमा केली. सगळ्याची, घाऊक.

सर ऐकत नाहीत, म्हणून हा अर्ज. ज्या समितीकडे करतोय ती चार वर्षांपूर्वी बरखास्त झाली. तिचं कार्यालय चहाच्या गाड्यामागं होतं, तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे. अर्जाची झेरॉक्स तिथंच काढली.

प्रति,
मा. अध्यक्ष, कृष्णाकाठ ट्रायथलॉन समिती.

विषय : न वापरलेला वेळ वर्ग करणेबाबत.

महोदय,

आपल्या समितीच्या नऊ वर्षांपूर्वीच्या शर्यतीत अर्जदाराने आठ तास सव्वीस मिनिटे पन्नास सेकंद इतका वेळ घेतला असून मुदतीपैकी तीन मिनिटे दहा सेकंद इतका वेळ अर्जदाराकडून वापराविना राहिला आहे. सदर वेळ अर्जदार केळे खाण्याखेरीज अन्य कोणत्याही कामी आणू शकलेला नाही. तरी त्यापैकी अडतीस सेकंद श्री. धन्यकुमार उगारे यांच्या नावे वर्ग करण्यात यावेत. सदतीस पुरेसे आहेत, एक जादा ठेवावा.

तसेच सदर वेळ वर्ग होईपर्यंत पंखा बंद करण्यात येऊ नये आणि श्री. उगारे यांना कमान उभी असताना तिच्याखालून येऊ द्यावे. ते आता पळू शकत नाहीत, चालत येतील. त्यांच्या येण्यास कितीही वेळ लागला तरी अर्जदाराची हरकत नाही. अर्जदार रेषेच्या अलीकडे, त्यांच्या मागे, उभा राहील.

श्री. उगारे यांची संमती जोडलेली नाही. ती मिळणार नाही.

आपला,
सन्मती मगदूम